डोंगरवाटांच्या यात्रिक गोदावरीबाई परुळेकर

सह्याद्रीच्या कुशींत वाढलेल्या मराठी माणसाला डोंगर चढण्याची हौस जात्याच असते. पहांटे शिदोरी पाठीशीं बांधून निघावें, एक शिखर पायांखालीं घालून दुसऱ्याची वाट धरावी, आणि दिवस मावळतां मावळतां तिसऱ्यावरून उतरून घर गांठावें, अशी ईर्ष्या धरणारे तरुण आपल्यांत पुष्कळ आहेत. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर जें कळसूबाई, त्याचा ५४०० फुटांचा माथा पाहून आलेला विद्यार्थी वर्गांत महिनाभर ताठ मानेनें वावरतो. अशा तरुणांचें आपण कौतुक करतों आणि तें योग्यच आहे. कारण एकट्यानें दिवसभर डोंगर तुडविण्यास अंगांत बळ लागतें, आणि त्याहून अधिक मनांत धैर्य लागतें.

परंतु डोंगर ओलांडण्याचे हेतु दोन असूं शकतात. एक हेतु डोंगराचा माथा गांठण्याचा. दुसरा हेतु डोंगरापलीकडे राहणाऱ्या माणसाचें दार गांठण्याचा. पहिल्या हेतूनें चालणाऱ्यांचीं नांवें पर्वतारोहणाच्या इतिहासांत लिहिलीं जातात. दुसऱ्या हेतूनें चालणाऱ्यांचीं नांवें त्या दारांत उभ्या असलेल्या माणसांच्या अंतःकरणांत राहतात. डहाणू व तलासरी या तालुक्यांतील डोंगरवाटा वर्षानुवर्षें पायीं तुडविणाऱ्या एका सुशिक्षित, शहरांत वाढलेल्या स्त्रीचें चरित्र आज विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावयाचें आहे. त्यांचें नांव गोदावरीबाई परुळेकर.

गोदावरीबाईंचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ रोजीं पुणें येथें झाला. त्यांचें माहेरचें आडनांव गोखले. वडील लक्ष्मणराव हे वकील होते, आणि थोर देशभक्त नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या घराण्याशीं त्यांचें नातें होतें. घरीं विद्या होती, प्रतिष्ठा होती, आणि खाण्यापिण्याची ददात नव्हती. ज्या काळीं मुलीनें इंग्रजी शाळेची पायरी चढणें हेंच अनेक घरांत आश्चर्य मानलें जाई, त्या काळीं या मुलीनें फर्ग्युसन कॉलेजांत अर्थशास्त्र व राज्यशास्त्र यांचा अभ्यास करून पदवी मिळविली. एवढ्यावर न थांबतां त्यांनीं कायद्याचीही पदवी घेतली. महाराष्ट्रांतील पहिल्या महिला कायदेपदवीधर म्हणून त्यांचें नांव घेतलें जातें. वडिलांच्या मागून वकिली करावी आणि मानानें, सुखानें राहावें, असा मार्ग त्यांच्यासमोर मोकळा होता.

परंतु तीं वर्षें देशांत मोठ्या खळबळीचीं होतीं. महात्मा गांधींच्या हांकेनें शाळाकॉलेजांतील तरुण मुलें-मुली कायदेभंगास सिद्ध झालीं होतीं. १९३२ सालीं गोदावरीबाईंनीं सत्याग्रहांत भाग घेतला व त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. वडील मवाळ मताचे. ज्या सरकारच्या न्यायालयांत आपण वकिली करतों त्याच सरकारच्या तुरुंगांत आपली मुलगी जावी, हें त्यांना रुचलें नाहीं. बापलेकींचे मार्ग येथें वेगळे झाले. सुटून आल्यावर गोदावरीबाईंनीं पुण्यांतील घर सोडलें आणि त्या मुंबईस गेल्या. पुढें आयुष्यभर त्यांना जें चालावें लागलें, त्यांतील पहिलें पाऊल हें होय. घराचा उंबरठा हा दिसावयास बोटभर उंच असतो. पण तो ओलांडणें हें पुष्कळदां गड ओलांडण्याहून अवघड असतें.

मुंबईस त्यांनीं भारत सेवक समाजांत प्रवेश केला. नामदार गोखल्यांनीं १९०५ सालीं स्थापन केलेली ही संस्था; अल्प वेतनावर जन्मभर देशसेवा करण्याची प्रतिज्ञा करणाऱ्यांसच तिचें सभासदत्व मिळे. गोदावरीबाई या त्या संस्थेच्या पहिल्या स्त्री आजीव सभासद झाल्या. १९३७-३८ च्या सुमारास त्यांनीं मुंबईच्या कामगार वस्तींत प्रौढांसाठीं साक्षरतेची मोहीम चालविली. दिवसभर गिरणींत राबून थकलेले हात रात्रीं पाटीवर अक्षरें गिरवूं लागले. लोकांच्या घरीं धुणींभांडीं करणाऱ्या मोलकरणींचीही त्यांनीं संघटना उभारली. शिकविणारानें प्रथम शिकणाराच्या दाराशीं गेलें पाहिजे, हा धडा त्यांना बहुधा याच चाळींच्या जिन्यांवर मिळाला असावा.

याच कार्यांत त्यांची श्री. शामराव परुळेकर यांच्याशीं ओळख दृढ झाली. शामराव हेही त्याच संस्थेचे सभासद, शिवाय डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीनें ते मुंबईच्या विधिमंडळांत निवडून गेले होते, आणि कोंकणांतील कुळांसाठीं खोतीविरुद्ध झगडत होते. १९३९ सालीं दोघांचा विवाह झाला. त्याच वर्षीं दोघांनीं भारत सेवक समाज सोडून कम्युनिस्ट पक्षाचा मार्ग पत्करला. महायुद्धास विरोध केल्याबद्दल १९४० ते १९४२ या काळांत दोघांना बंदिवास भोगावा लागला. सुटकेनंतर त्यांनीं शेतकऱ्यांच्या संघटनेचें काम, म्हणजे किसान सभेचें काम, अंगावर घेतलें. या कामानेंच गोदावरीबाईंना डहाणूच्या डोंगरांत नेलें.

हा मुलूख कसा आहे तें येथें सांगितलें पाहिजे. पूर्वीच्या ठाणें जिल्ह्याचें हें उत्तर टोंक. १ ऑगस्ट २०१४ पासून तें पालघर जिल्ह्यांत मोडतें. ज्या काळची ही हकीकत आहे त्या काळीं तलासरीचा भाग उंबरगांव तालुक्यांत होता. १९६० सालीं महाराष्ट्र व गुजरात हीं राज्यें वेगळीं झालीं, तेव्हां उंबरगांव गुजरातेकडे गेलें आणि तलासरीचा भाग महाराष्ट्रांत राहिला. पश्चिमेस समुद्र, त्याच्या कांठानें डहाणू, घोलवड, बोर्डी हीं गांवें, त्यांच्या चिकूच्या वाड्या, आणि मुंबईहून अहमदाबादेस जाणारी आगगाडी. आगगाडींतून जाणाऱ्या प्रवाशास हा मुलूख मोठा संपन्न दिसतो. परंतु रुळांपासून पूर्वेकडे चालूं लागलें कीं जमीन उंचसखल होऊं लागते, वाड्या संपतात, आणि सागवान, ऐन, खैर व मोह यांचें रान लागतें. त्यापुढें डोंगर.

या डोंगरांतील तीन माथे ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत. वायव्येस बोर्डीजवळ बारडाचा डोंगर. संजाण पडल्यानंतर पारशी लोकांनीं आपला पवित्र अग्नि याच डोंगरावरील बहारोटच्या गुंफांत बारा वर्षें जपून ठेविला अशी त्यांची परंपरा सांगते. दक्षिणेस विवळवेढ्याचा महालक्ष्मीचा सुळका. चैत्री पौर्णिमेपासून तेथें मोठी जत्रा भरते आणि आदिवासी बांधव दूरदूरच्या पाड्यांवरून चालत येतात. पूर्वेस सुमारें २२५० फूट उंचीचा गंभीरगड, ज्याच्या माथ्यावरून गुजरातेकडील रानही दृष्टीस पडतें. हे माथे हिमालयाप्रमाणें बर्फानें झांकलेले नाहींत. पण पावसाळ्यांत वारोळी व सूर्या या नद्यांना पूर आला, निसरड्या पायवाटेवर गवत माथ्याएवढें वाढलें, आणि दोन पाड्यांच्या मध्यें ओढा उभा ठाकला, म्हणजे या टेंकड्याही मोठ्या पर्वताप्रमाणें माणसाला अडवून धरतात. या तीन माथ्यांच्या दरम्यान आणि अवतीभोंवतीं जे शेंकडों पाडे विखुरले आहेत, त्यांना एकमेकांशीं जोडणारी वाट गोदावरीबाईंनीं आपल्या पावलांनीं घातली.

या पाड्यांवर मुख्यतः वारली लोकांची वस्ती. कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपून केलेल्या त्यांच्या झोंपड्या, लग्नाच्या वेळीं त्या भिंतींवर तांदळाच्या पांढऱ्या पिठानें काढलेला चौक, आणि तारप्याच्या सुरावर फेर धरून होणारा नाच यांचें आज सर्व जगांत कौतुक होतें. परंतु १९४५ च्या पूर्वीं या लोकांची स्थिति काय होती हें ऐकलें म्हणजे मन विषण्ण होतें. जे डोंगर व जी जमीन त्यांच्या वाडवडिलांनीं कसली, ती एकोणिसाव्या शतकांत हळूहळू सावकारांच्या व जमीनदारांच्या नांवें चढली. कागद वाचतां येत नव्हता. अंगठा मात्र उठवावा लागे. मालक कुळ झाला आणि कुळ वेठबिगार झाला. जमीनदाराचें शेत आधीं नांगरावयाचें, त्याचें गवत आधीं कापावयाचें, त्याच्या घरचें लांकूड-पाणी भरावयाचें, आणि या सर्वाचा मोबदला मागावयाचा नाहीं. यालाच वेठ म्हणत. पावसाळ्यांत घरांत दाणा नसे, म्हणून खावटी काढावी लागे, आणि पीक आल्यावर तिची फेड वाढीसकट करावी लागे.

याहूनही कठोर प्रथा लग्नगड्याची होती. गरीब वारली तरुणास लग्नापुरते पैसे हवे असत. ते जमीनदाराकडून घेतले कीं त्यानें त्याच्या घरीं गडी म्हणून राबावयाचें, आणि लग्न होऊन आलेल्या त्याच्या बायकोनेंही राबावयाचें. थोडक्या रुपयांपायीं नवराबायको जन्मभर बांधलीं जात. घर मांडण्यासाठीं घेतलेलें कर्जच घर मोडून टाकी. हें वर्णन एखाद्या चळवळ्याचें अतिरंजित भाषण नव्हे. मुंबई सरकारनें नेमलेले सिमिंग्टन नांवाचे सनदी अधिकारी यांनीं १९३९ सालच्या आपल्या अहवालांत या भागांतील वेठीचें व गुलामगिरीचें वास्तव सरकारपुढें मांडलें होतें. परंतु अहवाल दप्तरांत राहिला आणि वेठ पाड्यावर राहिली. दप्तर आणि पाडा यांच्या मध्यें डोंगर होता. तो ओलांडणारें कोणी हवें होतें.

जानेवारी १९४५ मध्यें कल्याणजवळ टिटवाळा येथें किसान सभेची परिषद भरली. या परिषदेस उंबरगांव तालुक्यांतील कांहीं वारली शेतकरी आले; माह्या धांगडा हे त्यांच्यांतील एक. त्यांनीं आपली कहाणी सांगितली आणि आपल्या मुलखांत येण्याविषयीं विनविलें. परुळेकर दांपत्यानें तें आमंत्रण स्वीकारलें.

आतां असा विचार करा, कीं शहरांतील एखादा पाहुणा त्या काळीं या भागांत गेला असतां कोठें उतरला असता? गाडी कोणाची, बंगला कोणाचा, स्वच्छ पाणी व अन्न कोणाच्या घरीं? या सर्व प्रश्नांचें उत्तर एकच: जमीनदाराच्या घरीं. जो जमीनदाराच्या बैलगाडींतून पाड्यावर उतरला, त्याच्याजवळ वारली खरें बोलणार नाहीं हें उघड आहे. कारण स्वच्छ कपड्यांतील जो कोणी आजवर त्या पाड्यावर आला होता, तो एकतर सावकाराचा माणूस, नाहींतर जंगलखात्याचा, नाहींतर पोलिसांचा. असा माणूस दिसला कीं बायकामुलें झोंपडींत दडत किंवा रानांत पळत. म्हणून गोदावरीबाईंनीं पायीं जाण्याचें ठरविलें, आणि जेथें सांज होईल तेथील वारल्याच्या झोंपडींत राहण्याचें ठरविलें. हा निश्चय दिसावयास साधा आहे. परंतु त्यांच्या साऱ्या कार्याचें मर्म त्यांत आहे. ज्याच्या दारीं आपण घामानें डंवरून, धुळीनें माखून, त्याच्याइतकेच थकून पोहोंचतों, त्याला आपली भीति वाटत नाहीं.

या मुलखांत एका दिवसाची पायपीट म्हणजे काय, हें ज्यानें ती केली असेल त्यालाच कळेल. येथें गांव म्हणजे एका जागीं दाटलेलीं घरें नव्हेत. एक पाडा टेंकडीच्या या उतारावर, दुसरा त्या उतारावर, तिसरा ओढ्यापलीकडे. एका गांवाचे सगळे पाडे पाहावयाचे तर अर्धा दिवस जावा. पहिल्या कोंबड्याला निघावें तेव्हां दंवानें वाट ओली असते. ऊन चढतें तशी सागाचीं पानें आपली सावली आखडती घेतात. चैत्र-वैशाखांत तर पानें गळून सारें रान उघडें पडतें आणि तापलेल्या खडकाची धग तळपायांस लागते. तहान लागली तर पाझऱ्याचें पाणी ओंजळीनें प्यावें. भूक लागली तर पाड्यावर जें शिजलें असेल तें खावें: नागलीची भाकरी, कधीं नुसती आंबील, आणि टंचाईच्या दिवसांत रानांतील कंद. घाट चढून माथ्यावर यावें तों पुढें दुसरा माथा दिसतो, आणि त्याच्याही पलीकडे निरोप पोहोंचवावयाचा असतो.

दिवसा पाड्यावर माणसें भेटत नसत. तीं मालकाच्या कामावर गेलेलीं असत. म्हणून सभा भरावयाची ती रात्रीं. दिवसभर चालून आल्यावर इतर माणसें अंग टाकतात. गोदावरीबाईंचें काम त्या वेळीं सुरू होई. अंगणांत शेकोटीभोंवतीं पुरुष बसत, कुडाआडून बायका ऐकत. प्रारंभीं कोणी बोलत नसे. वारल्यांची बोली वेगळी, शहरी बाईंची भाषा वेगळी. ती दरी भरून काढण्यासाठीं गोदावरीबाईंनीं त्यांचे शब्द शिकून घेतले. वेठ ही देवानें घातलेली नाहीं, तिला कायद्याचा कसलाही आधार नाहीं, आणि सर्वांनीं मिळून नाहीं म्हटलें तर ती एका दिवसांत मोडेल, एवढेंच त्या पुन्हां पुन्हां समजावून सांगत. पदवी घेऊन त्यांनीं जो कायदा शिकला होता, त्याचा उपयोग न्यायालयांत न होतां या शेकोटीपाशीं झाला. सकाळीं पाड्यावरील एखादा तरुण पुढच्या पाड्याची वाट दाखविण्यास बरोबर येई. अशा रीतीनें एका पाड्याचा माणूस दुसऱ्या पाड्याच्या माणसाला भेटे, आणि जे शेजारी असूनही आजवर आपापल्या मालकाच्या धाकांत एकएकटे होते, ते एकमेकांचे सोबती होऊं लागले.

आपल्या समाजांत स्त्रीनें एकटीनें रानांतून, परक्या वस्तींत, रात्रीं अपरात्रीं जावें हें आजही सोपें मानलें जात नाहीं. त्या काळीं तर बलाढ्य जमीनदारांचा रोष पाठीशीं होता. तरीही ही बाई एकटी येते, आपल्या ताटांतलें खाते, आपल्या चटईवर झोंपते, आणि पुन्हां येईन असें सांगून खरोखरच पुन्हां येते, हें पाहून वारली स्त्रियांचें भय प्रथम मोडलें. प्रेमानें लोक त्यांना गोदाराणी म्हणूं लागले. ही पदवी कोणत्याही विद्यापीठाची नव्हती.

या पायपिटीचें फळ २३ मे १९४५ रोजीं दिसलें. आजच्या तलासरी तालुक्यांत असलेल्या झरी गांवीं वारल्यांची सभा भरली आणि सुमारें ५००० माणसें डोंगर उतरून तेथें आलीं. वेठ करावयाची नाहीं, आणि दिवसाला बारा आणे म्हणजे पाऊण रुपया मजुरी मिळाल्यावांचून मालकाच्या शेतावर जावयाचें नाहीं, असा निश्चय तेथें झाला. सभा संपवून लोक आपापल्या पाड्यांवर परतले आणि तो निरोप झऱ्याच्या पाण्याप्रमाणें डोंगराडोंगरांतून वाहत गेला. कांहीं आठवड्यांच्या आंत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली वेठ गांवोगांव बंद पडूं लागली, आणि लग्नगडी मालकाचें घर सोडून आपल्या बायकामुलांसह आपल्या झोंपडींत राहावयास गेले.

परंतु जागृतीची किंमत द्यावी लागते. त्याच वर्षीं पावसाळा सरल्यावर गवत कापणीचा हंगाम आला. या भागांतील गवत कापून, दाबून, मुंबईच्या तबेल्यांकडे जात असे आणि त्यांत मालकांना मोठा नफा होई. ५०० पौंड गवतास अडीच रुपये मजुरी मिळावी अशी वारल्यांनीं मागणी केली व संप पुकारला. अशा तापलेल्या वातावरणांत १० ऑक्टोबर १९४५ च्या रात्रीं एक खोटा निरोप रानोमाळ पसरविण्यांत आला: गोदावरीबाईंच्या जिवास धोका आहे, तरी सर्वांनीं तलवाडा येथें धांवून यावें. निरोप खोटा होता, पण ज्या प्रेमाला तो उद्देशून होता तें प्रेम खरें होतें. हजारों वारली अंधारांतून डोंगर उतरून आपल्या बाईंच्या रक्षणासाठीं धांवले. जमावावर पोलिसांनीं गोळीबार केला. जेठ्या गांगड व त्याचे चार सोबती, असे पांच जण ठार झाले.

जी वाट गोदावरीबाईंनीं विश्वासानें घातली, त्याच वाटेनें येऊन हीं माणसें मृत्युमुखीं पडलीं, हा विचार त्यांच्या मनाला किती जाळीत असेल याची कल्पना करवत नाहीं. डोंगरांत एकटा चालणारा मनुष्य चुकला तर आपलाच जीव धोक्यांत घालतो. परंतु जो पुढें चालून इतरांना मागें बोलावतो, त्याच्या प्रत्येक पावलावर दुसऱ्यांच्या प्राणांचा भार असतो. हा भार पाहून गोदावरीबाई मागें फिरल्या नाहींत, आणि त्यांच्याहून महत्त्वाची गोष्ट ही, कीं वारलीही मागें फिरले नाहींत. इतका आघात होऊनही त्यांनीं संप चालविला. सरकारनें परुळेकर पतिपत्नींस जिल्ह्यांत येण्यास बंदी केली, तरी ज्या शेकोट्या एकदां पेटल्या होत्या त्या विझल्या नाहींत. पुढारी नसतां पाडे आपल्या निश्चयावर टिकले, यावरून गोदावरीबाईंनीं तेथें केवळ भाषणें केलीं नव्हतीं तर माणसें उभीं केलीं होतीं, हें सिद्ध होतें.

१९४६ च्या शरद ऋतूंत जंगलांतील लांकूडतोडीच्या मजुरीसाठीं पुन्हां संप झाला, आणि नोव्हेंबरांत ठेकेदारांनीं दिवसाला सव्वा रुपया मजुरी मान्य केली. ७ जानेवारी १९४७ रोजीं पालघर तालुक्यांतील नानिवली येथें पुन्हां गोळीबार होऊन पांच आदिवासी मृत्यु पावले. स्वातंत्र्यानंतरही जमिनीच्या हक्कासाठीं हा झगडा दीर्घकाळ चालूं राहिला.

गोदावरीबाईंच्या राजकीय मतांविषयीं लोकांत मतभेद होते व आहेत. त्यांचा मार्ग ज्यांना मान्य नव्हता, अशा थोर माणसांनींही याच मुलखांत वेगळ्या रीतीनें सेवा केली. आचार्य भिसे यांनीं बोर्डीस शिक्षणाचा दिवा लावला. ज्या १९४५ सालीं झरीची सभा झाली, त्याच सालीं श्रीमती ताराबाई मोडक यांनीं बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचें केंद्र काढलें, आणि पुढें श्रीमती अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेंकडीवर आदिवासी मुलांसाठीं तें कार्य वाढविलें. मुलें शाळेंत येत नाहींत तर शाळाच पाड्याच्या अंगणांत गेली पाहिजे, ही त्यांची कल्पना होती. मतें भिन्न, पण दिशा एकच: आपण दाराशीं जावयाचें. वेठ ही माणुसकीला कलंक होती आणि ती मोडली हें चांगलें झालें, याविषयीं तर कोणत्याही सज्जनांत दुमत असूं शकत नाहीं.

पुढील आयुष्याची हकीकत थोडक्यांत सांगतों. १९५७ सालीं शामराव ठाण्यांतून लोकसभेवर निवडून गेले. १९६१ सालीं गोदावरीबाईंनीं आदिवासी प्रगति मंडळाची स्थापना केली, आणि पाड्यांवरील मुलांनीं शिकावें यासाठीं तलासरीस वसतिगृहाची सोय केली. ज्या अंगठ्यांनीं जमिनी गेल्या त्या अंगठ्यांच्या नातवंडांच्या हातीं त्यांनीं लेखणी दिली. स्वातंत्र्यापूर्वीं व स्वातंत्र्यानंतर मिळून त्यांचा पुष्कळ काळ बंदिवासांत गेला. ३ ऑगस्ट १९६५ रोजीं शामराव स्थानबद्धतेंत असतांनाच हृदयविकारानें निवर्तले. सव्वीस वर्षांची सोबत तुटली आणि गोदावरीबाईंस पुढची वाट एकटीनें चालणें प्राप्त झालें. त्या चालत राहिल्या.

वारल्यांच्या जागृतीचा हा सारा वृत्तांत त्यांनीं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या आपल्या ग्रंथांत लिहून ठेविला. तो १९७० सालीं प्रसिद्ध झाला व १९७२ सालीं त्यास साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. ज्यांना मराठी गद्य साधें असूनही किती परिणामकारक होऊं शकतें हें पाहावयाचें असेल त्यांनीं तो अवश्य वाचावा. तुरुंगांतील अनुभवांवरही त्यांनीं पुस्तक लिहिलें. १९८६ सालीं त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्षा झाल्या. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. ८ ऑक्टोबर १९९६ रोजीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, त्यांनीं इहलोकींची यात्रा संपविली. तलासरी येथील महाविद्यालयास आज त्यांचें व शामरावांचें नांव आहे. ज्या पाड्यांवर १९४५ सालीं कागद वाचणारा शोधून मिळत नसे, त्या पाड्यांवरील मुलें-मुली तेथें पदवीचा अभ्यास करतात.

विद्यार्थिमित्रहो, आज तलासरीजवळून मोठा राजमार्ग गेला आहे आणि अनेक पाड्यांपर्यंत मोटारी जातात. तरी त्या भागांत अजून अशा वाड्या आहेत, जेथें पावसाळ्यांत ओढा भरला म्हणजे आजाऱ्यास डोलींतून खांद्यावर न्यावें लागतें आणि मुलांची शाळा बुडते. म्हणजे गोदावरीबाईंची वाट अद्याप संपलेली नाहीं. तुमच्यापैकीं कांहीं जण मोठेपणीं डॉक्टर होतील, कांहीं शिक्षक, कांहीं वकील, कांहीं सरकारी अंमलदार. तुमच्या दप्तरांत एखाद्या दूरच्या वस्तीचें नांव येईल तेव्हां केवळ कागदावर शेरा लिहून थांबूं नका. तेथवर एकदां चालून जा. डोंगर चढण्याची हौस जरूर बाळगा, बारडावर जा, गंभीरगडावर जा, महालक्ष्मीचा सुळका पाहा. मात्र माथ्यावर उभे राहून वारा खातांना खालच्या उतारावर कोणाच्या झोंपडींतून धूर निघत आहे तेंही पाहत चला, आणि उतरतांना त्या दाराशीं क्षणभर थांबून आंतल्या माणसाची विचारपूस करा.